एका डबीतले दोन गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या या दत्तजयंती अंकात दरवर्षी अधिकारी मंडळींचे लेख येतात. मी त्यांतला नव्हे. मी बी. कॉम. झालेला, ३६ वर्षं बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला लातूरचा साधा गृहस्थ. नोटा मोजणं, व्हाउचर लावणं, दिवसअखेर हिशेब जुळवणं, एवढंच आयुष्यभर केलं. तरी यंदा धीर करून लिहायला बसलो आहे. आमच्या देवघरातल्या एका जुन्या डबीने मला जे शिकवलं ते आपल्यापुढे ठेवावं, एवढाच हेतू. त्यात माझी एक चूक आहे आणि एक खोटं बोलणंही आहे. दोन्ही लपवत नाही.

चोवीसांतले दोन

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद येतो, हे आपल्याला माहीत आहेच. यदुराजाने विचारलं, महाराज, तुम्ही इतके आनंदी कसे? अवधूतांनी आपले चोवीस गुरू सांगितले. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ते फार विस्ताराने, घरातल्या माणसाला समजावं तसे समजावून दिले आहेत.

या चोवीस गुरूंत पहिला मान पृथ्वीचा. तिला खणतात, नांगरतात, तुडवतात, तरी ती आपलं स्थान सोडत नाही आणि उलट धान्यच देते. तिच्याकडून क्षमा घ्यायची. आणि यादीच्या शेवटी शेवटी एक गुरू येतो, शरकार, म्हणजे बाण तयार करणारा कारागीर. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गुंतला होता की, शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. त्याच्याकडून एकाग्रता घ्यायची.

मी पारायणात हे किती वेळा वाचलं असेल! पण एक गोष्ट कधी मनात आली नव्हती. या चोवीसांत सूर्य-चंद्र आहेत, समुद्र आहे, पशुपक्षी आहेत, किडामुंगी आहे. पण ज्याच्या हातातलं काम बघून अवधूतांनी त्याला गुरू केलं, असा कारागीर हा एकच. कुणी पंडित नाही, कुणी राजा नाही. हातावर पोट असलेला माणूस. पृथ्वी आणि शरकार, हे दोन गुरू मला एका मुठीएवढ्या डबीत भेटले.

आमची डबी

माझे आजोबा निजामाच्या अमलात तहसील कचेरीत कारकून होते. तेव्हा आमचं उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. पुढे १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, बिदर म्हैसूर राज्यात गेलं आणि उदगीर मराठी मुलखात आलं. आजोबा कचेरीच्या कामाने बिदरला जात. तिथून त्यांनी एकदा झाकणाची एक गोल डबी आणली. काळीभोर, तुळतुळीत, आणि त्या काळ्यावर चांदीची नाजूक वेल. झाकणाच्या मधोमध एक फूल, त्याभोवती ठिपक्यांची रांग. लोक अशा डबीत सुपारी-वेलदोडे ठेवायचे. आजोबांनी त्यात गाणगापूरचं भस्म ठेवलं. तेव्हापासून दर दत्तजयंतीला पाळणा झाला की घरातल्या सगळ्यांनी त्या डबीतलं भस्म लावायचं, हा आमचा कुळाचार झाला.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, आता ७८ वर्षांची आहे. लहानपणी ती आजोबांच्या मांडीवर बसून त्या डबीवरची वेल बोटाने गिरवायची. बाराखडी गिरवायच्या आधी मी ती वेल गिरवली, असं ती म्हणते. दरवर्षी दत्तजयंतीला ती आमच्याकडे येते, आणि ते मुख्यतः त्या डबीसाठी.

धुतलं आणि गमावलं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तजयंती चार दिवसांवर आली होती. आमची मंडळी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. देवघर घासून-पुसून लख्ख करायचं मी मनावर घेतलं. समई, निरांजन, ताम्हन, पळी, घंटा सगळं चिंचेच्या कोळात बुडवलं आणि वरून भांडी घासायच्या पावडरीने घासलं. पितळ सोन्यासारखं निघालं. हुरूप आला. मग ती डबी दिसली. म्हटलं, वर्षानुवर्षं उदबत्तीच्या धुराने किती काळी झाली आहे बघा!

पुढचं सांगायला नको. अर्ध्या तासाने डबी धुतली तेव्हा ती राखाडी झाली होती. कुठे पांढुरकी, कुठे करडी, डागाडागांची. वेल जवळपास दिसेनाशी झाली होती, कारण चांदी आणि मागची धातू एकाच रंगाची झाली. एका पानाची तार तर घासण्यात निघूनच आली. माझ्या पोटात खड्डा पडला. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हता. तोच डबीचा मूळ रंग होता.

आता इथे माझं खोटं येतं. दत्तजयंतीला अक्का आली. पाळणा झाला. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "डबी कुठाय रे?" मी म्हणालो, "अक्का, जुनी वस्तू म्हणून लॉकरमध्ये ठेवली आहे." आणि स्टीलच्या वाटीतलं भस्म पुढे केलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, भस्म लावलं आणि काही बोलली नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या हिशेबातली पैची चूक शोधणारा मी, दत्तापुढे उभा राहून सरळ खोटी नोंद केली.

वैदुरा नगरी

पुढच्या चैत्रात अक्काचा फोन आला. "मला एकदा गाणगापूरला ने. पुढच्या वर्षी पाय चालतील न चालतील." मी हो म्हणालो आणि मनात बेत केला की उदगीर, बिदर, हुमनाबादवरून जायचं. वाटेत माणिकनगरला माणिकप्रभूंचं दर्शन होईल. आणि बिदरला अक्का विश्रांती घेत असताना आपण गुपचूप डबी दुरुस्त करून घ्यायची. डबी रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली.

बिदर हे नाव गुरुचरित्र वाचणाऱ्याला परकं नाही. नवव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभ नदीवर स्नानाला येतात, तिथला रजक त्यांना रोज दंडवत घालतो. एकदा राजाचं वैभव बघून त्याच्या मनात इच्छा येते, आणि श्रीपाद त्याला पुढच्या जन्मी राजा होशील असा वर देतात. पन्नासाव्या अध्यायात तोच रजक वैदुरा नगरीचा मुसलमान राजा झालेला असतो. मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन तो गाणगापूरला येतो आणि श्रीगुरूंना बघताच त्याला मागचा जन्म आठवतो. ती वैदुरा नगरी म्हणजे हेच बिदर. एसटीत बसल्या बसल्या मला हसू आलं. तो रजक कपडे निर्मळ धुऊन राजा झाला. मी डबी धुऊन चोर झालो!

पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. इराण-तुराणातून विद्वान आणि कारागीर येऊ लागले. महमूद गवान या वजिराने १४७२ साली बांधलेल्या मदरशाची रंगीत कौलं आजही काही भागांत दिसतात. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं पाणीदार जडावकाम आहे. काळ्यावर उजळ नक्षी ही या गावाची जुनी आवडच म्हणायची. धातूत चांदी बसवायची विद्या इराणकडच्या कारागिरांनी बहमनी काळात इथे आणली असं परंपरा सांगते. पण इथली धातू आणि इथली माती यांच्याशी जुळल्यावर जे झालं ते बिदरचंच झालं, आणि त्याला नावही बिदरी असंच पडलं.

संग्रहालयांत आज दिसणारे जुने नमुने बहुतेक सतराव्या शतकापासूनचे आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरीचं मोठं दालन आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही चांगले नमुने आहेत. दोन्ही ठिकाणी मी नंतर मुद्दाम जाऊन आलो. सुरया आहेत, पानदानं आहेत, हात धुवायचे आफताबे आहेत, थाळ्या आहेत. बैठकीची चादर वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवायची घुमटाच्या आकाराची वजनं आहेत, त्यांना मीर-ए-फर्श म्हणत. सगळ्यांत जास्त हुक्क्याची बुडं. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आला आणि दख्खनच्या दरबारांत त्याचा शौक पसरला. व्यसन वाईट, पण त्यासाठी घडवलेल्या भांड्यावर कारागिराने खसखशीची फुलं अशी काढली आहेत की बघत राहावं. आधीची बुडं नारळासारखी गोल असायची, ती कडीवर ठेवावी लागत. पुढे अठराव्या शतकात घंटेच्या आकाराची, सपाट बुडाची आली, ती आपली आपण उभी राहतात. १८५१ साली लंडनला जे मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यातही बिदरी वस्तू मांडल्या होत्या.

"डबीचंच ना?"

बिदरच्या बसस्टँडवर उतरलो. मी म्हणालो, "अक्का, तू लॉजवर जरा आडवी हो. मला इथे थोडं काम आहे."

ती म्हणाली, "डबीचंच ना?"

मी खांबासारखा उभा राहिलो. ती पुढे म्हणाली, "अरे, त्या दिवशी तुमच्या देवघरात चिंचेचा वास होता. आणि लॉकरची किल्ली तुझी बायको पर्समध्ये ठेवते, ती तर लेकीकडे होती. मग तू लॉकर उघडलास कशाने?"

३६ वर्षांच्या नोकरीत माझी अशी तपासणी कुणी केली नव्हती. मी डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तू सांगशील. दत्ताच्या दारात जाईपर्यंत तरी सांगशील. म्हणून तर गाणगापूर काढलं."

मग मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं. डबी मागून घेतली, बोटाने वेल शोधली. "आहे की," एवढंच म्हणाली. "चल, मीपण येते."

कारागिराचं घर

जुन्या गावात चौबारा म्हणून एक उंच गोल बुरूज आहे. त्या बाजूला बिदरी काम करणाऱ्यांच्या खोल्या आहेत. एका खोलीत आम्ही गेलो. तिथले उस्ताद साठीच्या आसपासचे. त्यांनी डबी उजेडात धरली, उलटी केली, नखाने एक रेघ तपासली. मी घाबरत विचारलं, "खराब झाली का हो?"

ते त्यांच्या दखनी बोलीत म्हणाले, "काला गया साब, चांदी कहाँ गई? चांदी तो वहींच है."

त्यांना काम होईपर्यंत थांबायचं ठरलं. त्या तीन-चार तासांत मी जे बघितलं आणि विचारून घेतलं ते सांगतो.

डबीची मूळ धातू म्हणजे जस्त आणि तांबं. जस्त फार, तांबं थोडं, साधारण सोळाला एक असं प्रमाण. जस्त ही मोठी चतुर धातू. खनिज तापवलं की तिची वाफ होऊन उडून जाते, हाती काही लागत नाही. ती वाफ धरून थंड करायची युक्ती आपल्याकडे राजस्थानात जावरच्या खाणींवर शेकडो वर्षं चालत होती. युरोपात ही विद्या १७३८ च्या सुमारास आली. म्हणजे बिदरीच्या पायाशीसुद्धा कुणा अनाम भट्टीवाल्याची बुद्धी आहे.

जस्त ठोकून आकार देता येत नाही, तडकतं. म्हणून वस्तू ओतावी लागते. माती, एरंडेल तेल आणि राळ कालवून साचा करतात आणि त्यात रस ओततात. बाहेर निघते ती खडबडीत, शिशासारखी दिसणारी वस्तू. तिला कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचं पाणी लावतात. तेवढ्यापुरतं ते काळं होतं, म्हणजे त्यावर टोकदार सळईने काढलेली रेघ पांढरी दिसते. उस्तादांचा मुलगा समोर एका थाळीवर रेघा काढत होता. छापा नाही, कागद नाही. हाताने वेल निघत होती आणि फिरून बरोबर सुरुवातीला येऊन मिळत होती.

नंतर बारीक छिन्न्यांनी त्या रेघा कोरायच्या. कोरलेल्या खाचेत शुद्ध चांदीची तार बसवून हलक्या हातोडीने ठोकायची. चांदी मऊ, ती पसरते आणि खाचेच्या कडांत घट्ट अडकते. डिंक नाही, डाग नाही. दोन धातू एकमेकींना धरून शेकडो वर्षं राहतात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात. चांदीचा पत्रा कापून बसवला तर तहनिशान. नक्षी पृष्ठभागाच्या वर उचलून आली तर झरबुलंद. आणि आफताबी म्हणून एक प्रकार आहे, त्यात उलट करतात, चांदीच्या पत्र्यात फुलं कातरून मोकळी ठेवतात. म्हणजे चांदीची जमीन आणि काळी फुलं.

एवढं झाल्यावर वस्तू परत घासतात. आणि आता गंमत अशी की सगळं एकरंगी दिसतं. महिनाभर खपून कोरलेली वेल डोळ्यांना दिसतच नाही. आमची डबी चिंचेने जशी झाली होती, अगदी तशी. उस्ताद म्हणाले, प्रत्येक बिदरी वस्तू एकदा या अवस्थेतून जाते.

पहिला गुरू

शेवटचं काम मातीचं. बिदरच्या किल्ल्यात जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागला नाही अशा जुन्या इमारतींच्या आतली माती आणतात. माती चांगली की नाही हे कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून ओळखतात. तिच्यात सोऱ्यासारखे क्षार असतात. ही माती आणि नवसागर पाण्यात घालून उकळतात. वस्तू आधी किंचित तापवतात आणि मग त्या पाण्यात घालतात.

उस्तादांनी आमची डबी आधी बारीक घासून साफ केली, तापवली आणि चिमट्याने त्या गढूळ पाण्यात सोडली. मी घड्याळाकडे बघत होतो. त्यांनी ती बाहेर काढली, साध्या पाण्याने धुतली, फडक्याने पुसली, वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. आणि वाचकहो, आजोबांची डबी माझ्यासमोर होती. काळीभोर! आणि त्या काळ्यावर चांदीची वेल, जणू आत्ता उगवली.

मी विचारलं, "माती चांदीला का काळं करत नाही?" उस्ताद हसले. माती जस्त आणि तांब्याच्या मिश्रणावरच काम करते, चांदीला शिवत नाही. मातीने चांदी दिली नाही, फक्त भोवतालचं काळं केलं, म्हणून चांदी दिसली.

तेव्हा मला पृथ्वी-गुरू आठवला. जी माती लोकांच्या पायाखाली शतकानुशतकं पडून आहे, जिच्यात काही पिकत नाही, तिच्यावाचून हे काम पुरं होत नाही. आणि मला माझी अक्काही आठवली. ती तर शेजारीच बसली होती. चार महिने माझं खोटं तिने पोटात ठेवलं. रागावली असती तर मी उलट भांडलो असतो, "एका डबीसाठी एवढं!" म्हणून मोकळा झालो असतो. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यातच माझं मला दिसलं. क्षमा हा शब्द मी पोथीत शंभरदा वाचला होता. ती कशी असते ते त्या दिवशी कळलं.

दुसरा गुरू

दुपारी ऊन चढलं. अक्काला तहान लागली. तिने त्या कोरणाऱ्या मुलाला हाक मारली, "बाळा, पाणी मिळेल का?" तो बोलला नाही. तिने परत विचारलं. तो चार हातांवर बसलेला, तरी मान वर नाही. छिन्नीची टकटक तशीच चालू. शेवटी उस्तादच आतून उठून आले, तांब्या दिला आणि म्हणाले, त्याला ऐकूच गेलं नाही, राग मानू नका. पाच मिनिटांनी मुलाने एक पान पुरं केलं, वर बघितलं, अक्काच्या हातातला तांब्या दिसला आणि बिचारा ओशाळला. "अम्मा, मेरे को बोले थे क्या?"

अक्का माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हा तुमच्या भागवतातला बाणवाला."

मला त्याची थोडी ओळख होती. कॅश काउंटरला असताना नोटांचं बंडल मोजताना कुणी बोललं तर ऐकू येत नसे. आणि ऐकू आलं तर आकडा चुकलाच म्हणून समजा, पुन्हा पहिल्यापासून. पण ती एकाग्रता भीतीची होती, कमी भरली तर पगारातून जाईल ही भीती. या मुलाच्या तोंडावर भीती नव्हती. अवधूतांनी शरकाराला गुरू का केलं याचा उलगडा मला असा झाला. एकाग्रता डोळे मिटूनच साधते असं नाही. हातातल्या कामाला पुरतं दिलेलं मन हेही ध्यानच. नाहीतर आपण! जपाची माळ ओढताना माझं मन एफडीच्या व्याजदरावर असतं, आणि डबी घासताना मी ती डबी नीट बघितलीसुद्धा नाही. एकदा जरी निरखून बघितली असती तर कळलं असतं की धूर असा चांदी सोडून बसत नाही.

आम्ही हिशेब शिकलेले लोक जुन्या वस्तूला दोनच किमती लावतो. एक तर वजनावर मोडीची किंमत, नाहीतर वहीतली घसारा वजा जाता उरलेली किंमत. डबीच्या वजनाचं जस्त बाजारात काही फार महाग नाही. चांदी तर चार मासे. मग उरलेलं काय? कुणीतरी, ज्याचं नाव डबीवर नाही, त्याने आपल्या आयुष्यातले किती दिवस त्यात ओतले आहेत, ते. त्याला वहीत रकाना नाही.

बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. आनंदाची गोष्ट. पण उस्ताद म्हणाले त्याप्रमाणे या कामात डोळे आणि पाठ लवकर जाते, आणि शिकायला येणारी मुलं कमी होत चालली आहेत. आपण गाणगापूरला जाणारे लोक, वाकडी वाट करून बिदरला गेलो आणि एखादी लहानशी वस्तू त्यांच्या हातून घेतली तर तीही शरकार-गुरूची दक्षिणाच होईल.

घरोघरी उपयोगी पडावं म्हणून

माझ्यासारखी चूक कुणी करू नये म्हणून उस्तादांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून ठेवतो.

१. काळ्या वस्तूवर चांदीची नक्षी दिसली तर तिला चिंच, लिंबू, ताक किंवा भांड्याची पावडर लावू नये. आंबटाने काळा थर जातो.

२. मऊ सुती कोरड्या फडक्याने पुसावं. अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवून जास्तीचं तेल टिपून घ्यावं.

३. ओली ठेवू नये. पाणी, कुंकवाचा ओला गंध, लोणचं-मिठाचा पदार्थ आत ठेवू नये. कोरडं भस्म, अक्षता चालतात.

४. चांदीची तार सुटली तर ती फेकू नये, कागदात बांधून ठेवावी. कारागीर तीच परत बसवू शकतो.

५. काळं गेलं तरी वस्तू गेली असं समजून मोडीत काढू नये. चांदी असते तिथेच असते.

आणि सहावी माझ्याकडून. चूक झाली तर त्याच दिवशी सांगून टाकावं. नंतर व्याज चढतं.

शेवटचं पान

मी घासताना जी तार निघाली होती, ती मी मोरीत वाहू दिली होती. उस्ताद म्हणाले, नवी चांदीची तार बसवून देतो, दहा मिनिटांचं काम. अक्का म्हणाली, "नको. ते एक पान तसंच मोकळं राहू द्या. याला दिसत राहील." उस्तादांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून डबी तशीच बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी माणिकनगर केलं आणि तिथून गाणगापूर. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान झालं, निर्गुण पादुकांचं दर्शन झालं, मध्यान्हीला माधुकरी मागितली. भस्माच्या डोंगरावरून अक्काने स्वतःच्या हाताने भस्म घेतलं आणि डबी भरली. काळ्या डबीत पांढरं भस्म. हीही माती, तीही मातीच.

गेल्या दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर अक्काने हात पुढे केला. मी डबी तिच्या हातात दिली. तिला आता फारसं दिसत नाही. तिने अंगठ्याने झाकणावरची वेल गिरवली, एक एक पान मोजत गेली, आणि मोकळ्या खाचेवर अंगठा थांबला. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुझं." मग डबी उघडून आधी माझ्या कपाळाला भस्म लावलं आणि नंतर स्वतःला.

यंदाही ती येणार आहे. डबी देवघरात आहे. लॉकरमध्ये नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!